अंबेनळीचा कातळ आणि आंबणारा समुद्र

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा अंबेनळी घाट म्हणजे बहुतेकांना प्रतापगडाची वाट. रस्त्यासाठी डोंगर जिथे उभा कापला आहे तिथे त्याचं पोट उघडं पडलेलं दिसतं. काळ्या कातळाचा जाड थर, त्यावर हात-दोन हात जाडीचा विटकरी मातीचा पट्टा, पुन्हा काळा कातळ, पुन्हा तांबडा पट्टा. 1656 च्या सुमारास शिवाजी महाराजांनी याच काळ्या पाषाणावर प्रतापगड उभा केला आणि पुढे अफझलखानाच्या भेटीमुळे हा मुलूख इतिहासात अजरामर झाला. पण या घाटाचं नाव जगभरच्या अभ्यासकांच्या तोंडी आहे ते आणखी एका, कितीतरी जुन्या घटनेमुळे. दख्खनच्या लाव्हाच्या सर्वांत मोठ्या थराला भूवैज्ञानिकांनी नाव दिलं ते ‘अंबेनळी’. त्याच्या खालच्या थराला ‘पोलादपूर’, वरच्याला ‘महाबळेश्वर’, आणि हे तिन्ही ज्यात येतात तो ‘वाई उपगट’. पृथ्वीवरचे समुद्र एकदा एकाएकी आम्लाकडे झुकले आणि त्यातली निम्म्याहून अधिक सृष्टी नाहीशी झाली. त्या प्रसंगाचा शोध घेणाऱ्या कुणालाही आधी सातारा आणि रायगड जिल्ह्यांतल्या या ठिकाणांची नावं शिकावी लागतात.

घटना सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची. जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा उसळला, पसरला, थिजला. मग मोठा विसावा आणि पुन्हा नवा लोट. असं सात-आठ लाख वर्षं चाललं. पुष्कळसा भाग झिजून गेल्यावरही आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश या दगडाखाली आहे. तो किती खोल आहे याचा थेट पुरावा साताऱ्यातच मिळाला, आणि तो मिळाला एका आपत्तीमुळे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. धरण आणि भूकंप यांचा संबंध तपासण्यासाठी पुढे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला खोल विंधन संशोधनाची प्रयोगशाळा उभारली. कोयनेजवळ रासाटीला विंधण घेतलं तेव्हा सुमारे 930 मीटर खोलीपर्यंत लाव्हाचे थर लागले आणि त्याखाली सरळ ग्रॅनाइट. गोठणे इथलं विंधण तीन किलोमीटर खोल गेलं; तिथे लाव्हाची जाडी 1,200 मीटरपेक्षा जास्त भरली.

हा लाव्हा समुद्रापर्यंत पोचला होता. आंध्रात गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळ काळ्या पाषाणाचा एक लहानसा पट्टा आहे, सह्याद्रीपासून जवळजवळ हजार किलोमीटर दूर. तिथल्या खालच्या थराची रासायनिक ठेवण अंबेनळीच्या थराशी जुळते आणि वरच्याची महाबळेश्वरच्या थराशी. त्या काळच्या नद्यांच्या खोऱ्यांतून वाहत हे लोट पूर्वेच्या समुद्रकाठी गेले, असं अभ्यासक मानतात. जगातल्या सर्वांत लांब लाव्हालोटांत त्यांची गणना होते. दोन थरांच्या मध्ये समुद्रात साचलेला गाळ आहे आणि त्या गाळात समुद्रजीवांची सूक्ष्म कवचं आहेत. घाटमाथ्याची आग आणि समुद्रातले जीव यांची नोंद तिथे एकाच उभ्या छेदात सापडते.

लाव्हाबरोबर वायूही सुटले. कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू, अफाट प्रमाणात. फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅन्साँ कूर्तिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये दाखवून दिलं की दख्खनचा उद्रेक आणि डायनोसॉरांचा अंत एकाच काळातला आहे. त्याआधी, 1980 मध्ये, लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह अशनी आदळल्याचा सिद्धांत मांडला होता. 1991 मध्ये मेक्सिकोतल्या चिक्शुलूबचं विवर त्या आघाताची जागा म्हणून ओळखलं गेलं. आरोपी दोन झाले, आणि त्यातला एक आपल्या घरचा.

वाद मिटवायचा तर तारखा नेमक्या हव्यात. म्हणून पुढची तीस-पस्तीस वर्षं परदेशी आणि भारतीय संशोधक सह्याद्रीच्या घाटांत हातोडे घेऊन हिंडत राहिले. प्रिन्स्टनच्या गटाने तांबड्या पट्ट्यांतल्या मातीतून झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक वेचले आणि त्यांतल्या युरेनियम-शिशाच्या प्रमाणावरून काळ काढला. बर्कलेच्या गटाने खुद्द लाव्हातल्या खनिजांतला आरगॉन मोजला. फेब्रुवारी 2019 मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोघांचे निबंध आले. प्रिन्स्टनवाल्यांना जीवसंहाराच्या अगदी आधी लाव्हाचा एक मोठा लोट दिसला. बर्कलेच्या हिशेबात तीन चतुर्थांश लाव्हा संहारानंतरचा निघाला. इतक्या बारकाईने तपासलेले डोंगर जगात थोडेच असतील, आणि तरीही पंचांत एकमत झालं नाही.

उत्तराचा मोठा भाग अखेर समुद्रानेच दिला.

समुद्रात फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव तरंगतात. वाळूच्या कणाएवढा देह, त्याभोवती चुन्याचं कवच. जीव मेला की कवच तळाशी जातं आणि त्यात त्या वेळच्या पाण्याचा गुणधर्म बंदिस्त राहतो. कवचातल्या बोरॉन या मूलद्रव्याच्या दोन प्रकारांचं प्रमाण मोजलं की पाणी किती आम्लाकडे झुकलं होतं ते कळतं. नेदरलँडमध्ये ख्युलहेमरबर्ग नावाची एक गुहा आहे. तिच्या भिंतीत संहारानंतर लगेच साचलेल्या चिकणमातीचा जाड थर शाबूत आहे. मायकल हेनेहान यांच्या गटाने तिथली कवचं तपासून 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. अशनी आदळल्यानंतर भूवैज्ञानिक हिशेबात क्षणभरात समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू (पीएच) सुमारे 0.25 ने घसरला. चिक्शुलूबचा खडक गंधकयुक्त होता; त्याची वाफ होऊन आम्लाचा पाऊस पडला. तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या दहांतल्या नऊ जाती संपल्या. चुन्याच्या चकत्या अंगावर वागवणारं सूक्ष्म वनस्पती-प्लवंग जवळजवळ तितक्याच प्रमाणात गेलं. कोट्यवधी वर्षं समुद्र गाजवणारे अमोनाइट कायमचे नाहीसे झाले. ज्यांचं घर चुन्याचं, त्यांच्यावर घाव मोठा बसला.

आणि त्याआधी? दख्खनचा लाव्हा वाहत होता, हवेत कार्बन चढत होता, पृथ्वी काही अंशांनी तापलीही होती. पण आघाताच्या लगेच आधीच्या काळात वरच्या समुद्राचं पाणी आंबत चालल्याची खूण या कवचांत आढळली नाही. दख्खनने वायू सोडला तो हजारो, लाखो वर्षांत विभागून. तेवढ्या अवधीत समुद्राला सावरायला सवड मिळाली. जमिनीवरचे दगड झिजून क्षार आणत होते. खोल तळावर साठलेला चुना थोडाथोडा विरघळून आम्ल मारत होता. सातारच्या कातळाची या आरोपातून पूर्ण नाही, तरी बरीचशी सुटका झाली असंच म्हणायला हवं. या निकालाचं मर्म वेगात आहे. किती कार्बन सुटला याइतकंच, तो किती काळात सुटला हेही समुद्रातल्या जिवांच्या मरण्या-जगण्याला कारण होतं.

सावरण्याचं ते काम आजही चालू आहे, आणि इथे त्याचा मुख्य कारभार कृष्णेकडे आहे. क्षेत्र महाबळेश्वरला ती उगम पावते तिथून अरबी समुद्र अवघा 64 किलोमीटर. पण नदी पाठ फिरवते आणि धोम, वाई, माहुली, कराड, सांगली करत सुमारे 1,400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी झालेलं असतं. ते काळ्या पाषाणातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवतं. वायूचं रूपांतर बायकार्बोनेटमध्ये होतं आणि नदी ते सारं समुद्रात नेऊन टाकते. समुद्राच्या दृष्टीने हा आम्लावरचा उतारा. पृथ्वीच्या एकूण भूभागात असा बेसाल्ट पाच टक्क्यांहून कमी आहे, पण सिलिकेट खडकांच्या झिजेतून हवेतला जो कार्बन टिपला जातो त्यातला अंदाजे तीस टक्के वाटा त्याचा. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी कृष्णेचं वरचं खोरं आणि कोकणात उतरणाऱ्या नद्या यांचं पाणी तपासून 2005 मध्ये या झिजेचा हिशेब मांडला. घाटातले ते तांबडे पट्टे याच कामाचे जुने साक्षीदार आहेत. एका लोटानंतर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला त्यात पावसाने कातळाची माती केली, आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून झाकून टाकली. उद्रेक संपायच्या आतच दुरुस्ती सुरू झाली होती.

सगळं कॅल्शियम मात्र समुद्रापर्यंत जात नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथे सगळं धुऊन निघतं आणि मागे जांभा उरतो. पाचगणीचं टेबललँड आणि कासचं पठार हे त्याचेच अवशेष. पण पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत भागात पाऊस जेमतेम पाचशेच्या घरात. तिथे झिजलेलं कॅल्शियम वाटेतच थांबतं आणि मातीत पांढऱ्या खड्यांच्या रूपाने गोठतं. शेतकरी त्याला चुनखडी म्हणतो आणि नांगराला लागली की कपाळाला हात लावतो. याच चुनखडीवर एक अख्खा व्यवसाय शेकडो वर्षं चालला.

दख्खनच्या या काळ्या कातळाच्या भागात चुन्याचा दगड जवळजवळ नाही. कोकणपट्टीत समुद्रकाठचे शिंपले भाजून चुना करत. देशावर शिंपले आणायचे कुठून? तेव्हा ओढ्याकाठचे आणि काळ्या रानातले चुनखडीचे खडे वेचायचे, भट्टीत कोळशाबरोबर थर लावून भाजायचे आणि कळीचा चुना काढायचा. हे काम प्रामुख्याने लोणारी समाजाचं. चुना लोणारी आणि मीठ लोणारी असे त्यांचे धंद्यावरून भेद पडलेले. एकाचा माल दुष्काळी रानातला, दुसऱ्याचा खाऱ्या पाण्यातला. माण-आटपाडीपासून सांगोल्यापर्यंतच्या टापूत त्यांची वस्ती आजही मोठी आहे. भाजलेला चुना पाण्यात विरवून घाणीत जायचा. गोल दगडी चर, त्यात उभं फिरणारं जड चाक, चाकाला जुंपलेले बैल. वाळू पडायची, कुठे गूळ, कुठे बेलफळाचा गर किंवा हिरड्याचं पाणी मिसळायचं, आणि मळून मळून चुना लोण्यासारखा व्हायचा. सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांवर हे चर आणि निखळून पडलेली चाकं अजून दिसतात. वाईला गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट, माहुलीच्या संगमावरची देवळं, सांगलीत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी उभारलेलं गणपती मंदिर. कृष्णाकाठचं हे सारं वैभव काळा पाषाण आणि चुना या जोडीवर उभं राहिलं.

या धंद्याचं रसायन समजून घेण्याजोगं आहे, कारण समुद्रातल्या संकटाचं रसायनही तेच. खडा भट्टीत भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. चुना भिंतीत बसला की वर्षानुवर्षं हवेतला तोच वायू परत शोषून पुन्हा दगड होतो. म्हणून जुनी चुनेगच्ची भिंत काळाबरोबर घट्ट होत जाते. भट्टीचा धूर सोडला तर लोणाऱ्यांनी हवेत सोडलेलं बरंचसं त्यांच्या भिंतींनी परत घेतलं. भारतात सिमेंटचं यशस्वी उत्पादन पोरबंदरला 1914 मध्ये सुरू झालं आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत घाणी थांबल्या. तेव्हाचा दक्षिण सातारा, म्हणजे 1949 मध्ये वेगळा झालेला आणि 1960 मध्ये सांगली नाव घेतलेला जिल्हा, तोवर सिमेंटच्या पोत्यांवर बांधकाम करू लागला होता. आता जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला सात ते आठ टक्के भाग एकट्या सिमेंटचा आहे.

सांगलीच्या ऊस उत्पादकाला सामू हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माती परीक्षणाच्या अहवालात तो दरवर्षी वाचतो. वाळवा-मिरजेच्या क्षारपड रानांत तर त्या एका आकड्यावर पीक ठरतं. समुद्राचा सामू औद्योगिक युगाआधी साधारण 8.2 होता, आता 8.1 च्याही खाली सरकतो आहे. पाणी अजून अल्कधर्मीच आहे, पण सामूची मोजपट्टी अशी की 0.1 ची घसरण म्हणजे हायड्रोजन आयनांत जवळपास सव्वीस टक्के वाढ. हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात 280 भागांवरून 420 च्या पुढे गेला, आणि आपण सोडलेल्या वायूतला चौथा हिस्सा समुद्राने गिळला. वाढलेले हायड्रोजन आयन पाण्यातल्या कार्बोनेटला पकडून ठेवतात. शिंपला, कालव, पोवळं यांना घर बांधायला हवं असतं ते हेच कार्बोनेट. 2007 च्या सुमारास अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावरच्या कालव-पैदास केंद्रात पिल्लं लाखोंनी मरू लागली. आधी रोगाचा संशय आला, पण तो खरं कारण ठरला नाही. खोल समुद्रातून वर आलेलं आम्लाकडे झुकलेलं पाणी हे कारण निघालं. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत कवच धरलं नाही की जीव जगत नाही.

आपल्या किनाऱ्यावरही पावसाळ्याच्या वाऱ्यांनी खोल पाणी वर येतं. मालवणच्या सागरी अभयारण्यात, 1987 पासून संरक्षित असलेल्या क्षेत्रात, पोवळी आहेत. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं आंग्रिया बँक नावाचं पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, आणि त्यावर पोवळ्यांची समृद्ध वस्ती. नाव आहे सरखेल कान्होजी आंग्र्यांचं. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या पक्षात आले आणि साताऱ्याच्या गादीला समुद्र मिळाला. त्या समुद्रातल्या तिसऱ्या, कालवं आणि पोवळी आज ज्या रसायनाला तोंड देत आहेत, त्याचा जुना दस्तऐवज त्याच राजधानीमागच्या डोंगरात पडून आहे.

मग कृष्णा आजही उतारा नेत असताना चिंता का? एक ढोबळ हिशेब करून पाहावा. सातारा आणि सांगली मिळून सुमारे 19,000 चौरस किलोमीटर. इथला दर चौरस किलोमीटर कातळ वर्षाला 100 टन कार्बन डायऑक्साइड टिपतो असं फार उदारपणे धरलं, तरी वर्षाचे 19 लाख टन होतात. जगातला कोळसा, तेल आणि गॅस मिळून वर्षाला 3,700 कोटी टनांच्या आसपास वायू सोडतात. दोन जिल्ह्यांच्या डोंगरांची वर्षाची कमाई जग अर्ध्या तासात उधळतं. दख्खनच्या उद्रेकाला लाखो वर्षं लागली होती. आपण दोन-अडीचशे वर्षांत समुद्राला गाठलं आहे. उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर या शतकाअखेर सामू आणखी 0.3 ने घसरेल असा अंदाज आहे. ख्युलहेमरबर्गच्या गुहेतल्या आकड्याशी तो ताडून पाहावा.

कातळाचं काम वेगाने करून घेण्याचे प्रयत्न सुरू आहेत. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसाल्टमध्ये सोडला आणि त्यातला 95 टक्के दोन वर्षांच्या आत दगड झाला. दख्खनचा कातळ अशा साठवणीला योग्य आहे का, याचा अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने केला आहे. बेसाल्टची भुकटी भातशेतीत पसरून झीज वाढवणाऱ्या ‘माटी कार्बन’ या उपक्रमाला एप्रिल 2025 मध्ये पाच कोटी डॉलरचं एक्सप्राइझ मिळालं. त्याचं काम मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या लहान शेतकऱ्यांबरोबर चालतं. साताऱ्या-सांगलीच्या खडी क्रशरवर अशी भुकटी पडून असते, तेव्हा इथल्या कृषी महाविद्यालयांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. मात्र कोळसा जळत ठेवून भुकटीवर विसंबणं म्हणजे समुद्राची फसवणूक होईल. दगडाचा वेग वाढवता येतो, पण आजच्या धुराड्यांची बरोबरी त्याला करता येणार नाही.

या दोन जिल्ह्यांच्या हातात त्याहून मोठी गोष्ट आहे. 1962 मध्ये पहिला टप्पा सुरू झालेला कोयना प्रकल्प आज 1,960 मेगावॉट क्षमतेचा आहे आणि कोळशाचा एक खडाही न जाळता वीज देतो. पाटणजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर आणि कवठेमहांकाळकडच्या ढालगाव भागात देशातल्या सुरुवातीच्या मोठ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्याच लाव्हाच्या सपाट माथ्यांवर. त्यांतली कित्येक यंत्रं आता जुनी झाली आहेत. 2023 च्या राष्ट्रीय धोरणाने अशी यंत्रं काढून त्याच जागी जास्त क्षमतेची बसवण्याची वाट मोकळी केली आहे. ग्रामपंचायतींनी, वीज कंपन्यांनी आणि इथल्या लोकप्रतिनिधींनी ते काम लांबणीवर टाकू नये.